फोटो आला, पण त्यात आहे काय?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की मोबाइलवर येणारं प्रत्येक चित्र आम्हा अंधांपर्यंत 'फोटो' एवढ्या एका शब्दातच पोचतं. त्यावर बरीच पत्रं आली. ज्यांत नुसती हळहळ होती ती बाजूला ठेवली. बाकीच्यांत कामाचे प्रश्न होते, त्यातले काही इथे घेते. नव्या वाचकांसाठी एवढंच : मी जन्मापासून अंध आहे, परभणीत अंध मुलामुलींना संगणक शिकवते, आणि उत्तरं लांबवायची मला खोड आहे.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा पुतण्या अंध आहे, पण घरचा सगळा हिशोब त्याच्याकडं. माल कधी काढायचा हे आम्ही त्यालाच विचारतो. आडतीच्या ग्रुपवर रोज दुपारी भावाचा फोटो येतो अन् ह्याचा फोन नुसता 'फोटो' म्हणून गप बसतो. कुणी वाचून दाखवंपर्यंत लेकरू ताटकळत बसतंय. काही उपाय हाय का?
– एक शेतकरी, औसा

उत्तर : काका, आजच्यापुरता एक उपाय आहे आणि कायमचा दुसरा.

आजच्यापुरता आधी सांगते. त्याच्या फोनमधलं टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, अक्षरं वाचतं. फोटोत आपल्याला अक्षरं दिसतात, पण फोनच्या लेखी ते रंगाचे ठिपके असतात. म्हणून तो फोटो गूगल लेन्समध्ये उघडायचा, त्यातला मजकूर निवडायचा आणि ऐकायचा. देवनागरी चांगलं वाचतं. गोची होते ती तक्त्याची. भावाच्या तक्त्यात आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर असे रकाने असतात. यंत्र कधी आडवं वाचतं, कधी उभं. उभं वाचलं की आधी सोयाबीन, तूर, हरभरा, उडीद ही सगळी नावं येतात आणि मग आकड्यांची रांग सुरू होते. कुठला आकडा कुणाचा, याचा पत्ता लागत नाही. त्यात फोटो हललेला असला तर आकडाच बदलतो. ४३०० चे ४८०० ऐकू आले तर वीस क्विंटलमागे दहा हजारांचा फरक पडतो. तेव्हा जेमिनीसारख्या एआयला फोटो देऊन नेमकं विचारायला शिकवा : "सोयाबीनच्या ओळीतला सर्वसाधारण दर किती?" मराठीत विचारलं तरी चालतं. आणि टेम्पो भरायच्या आधी आडत्याला एक फोन करायचाच.

आता कायमचा. तो तक्ता कुणीतरी आधी टाइप केलेला असतो. मुनीम संगणकावर आकडे भरतो, मग त्याचा फोटो करून ग्रुपवर टाकतो. म्हणजे अक्षरं हाताशी असताना त्यांचं चित्र करायचं, आणि मग त्या चित्रातून पुन्हा अक्षरं काढायला आम्हाला लावायचं. मुनिमाला सांगा, फोटो खुशाल टाका, हिरवी-लाल पट्टी द्या, फक्त खाली चार ओळी चिकटवा : सोयाबीन, किमान इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका. त्याला मिनिटभर लागेल. ज्यांचा चष्मा घरी राहिलाय तेही त्याला दुवा देतील.

तोवर पुतण्याला राज्य कृषी पणन मंडळाचं संकेतस्थळ दाखवा. तिथं रोजचे बाजारभाव खऱ्या तक्त्यात असतात. संगणकावर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम चालवून कंट्रोल आणि ऑल्ट दाबून डाव्या-उजव्या बाणाच्या कळीनं तक्त्यात फिरलं, की प्रत्येक आकड्याच्या आधी रकान्याचं नाव बोललं जातं.

प्रश्न : माझ्या नववीच्या वर्गात एक अंध विद्यार्थिनी आहे. भूगोलाचे नकाशे, गणिताचे आलेख मी नेटवरून काढून प्रोजेक्टरवर दाखवते. तेवढा वेळ ती नुसती बसून असते. शाळेत तिच्यासाठी कसलंही यंत्र नाही. काय करता येईल?
– शिक्षिका, सेलू

उत्तर : बाई, यंत्र नाही हे एका अर्थी बरंच झालं. असतं तर ते कपाटात कुलपात असतं.

आधी बोटाचा स्वभाव सांगते. डोळा अख्खं चित्र एकदम घेतो आणि मग बारकाव्याकडे जातो. बोट एक ठिकाण घेतं, मग त्याच्या शेजारचं, मग पुढचं, आणि शेवटी डोक्यात चित्र जुळतं. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सगळे सांगतात. त्या बिचाऱ्यांना हत्तीभोवती एक फेरी कुणी मारू दिली नाही, एवढीच त्यांची अडचण होती.

शिवाय बोटाला फार बारीक कळत नाही. ब्रेलच्या एका अक्षरातले शेजारचे दोन ठिपके सुमारे अडीच मिलिमीटरवर असतात. त्याहून फार जवळ आणले तर दोन्ही मिळून एकच वाटायला लागतात. कोरियात 'डॉट पॅड' नावाची एक पाटी निघाली आहे. तिच्यात ६० बाय ४० म्हणजे २४०० टाचण्या खालीवर होतात आणि संगणकावरचं चित्र बोटाखाली उठतं. वस्तू झकास आहे. पण १२ मेगापिक्सेलच्या साध्या फोटोत १ कोटी २० लाख ठिपके असतात. ते २४०० त कोंबायचे, तर काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कुणीतरी ठरवावंच लागतं. महागातली पाटी घेतली तरी ते ठरवण्याचं काम सुटत नाही, आणि तेच काम तुम्ही डिंक-दोऱ्यानं करू शकता.

मराठवाड्याचा नकाशा घ्या. नेटवरच्या नकाशात जिल्हे, तालुके, नद्या, रेल्वे, महामार्ग, नावं, रंग सगळं एकावर एक असतं. तसंच्या तसं उठवलं तर हाताला नुसतं खरखरीत लागेल. त्याऐवजी एकाच मापाचे तीन पुठ्ठे करा. पहिल्यावर फक्त आठ जिल्ह्यांच्या हद्दी, सुतळीच्या. दुसऱ्यावर बाहेरची हद्द आणि नद्या : गोदावरीला जाड लोकर, मांजरेला साधा दोरा. तिसऱ्यावर बाहेरची हद्द आणि जिल्ह्याची ठिकाणं. प्रत्येक ठिकाणाला ज्वारीचा एक दाणा चिकटवा. सेलूला मात्र दाणा नको, शर्टाचं छोटं बटण लावा. आपलं गाव हाताला लागलं की बाकीची गावं कुठल्या बाजूला, किती लांब, हे तिचं ती मोजेल. तिन्ही पुठ्ठ्यांचा वरचा उजवा कोपरा कापून टाका, म्हणजे पुठ्ठा सरळ धरलाय की उलटा हे तिला विचारावं लागणार नाही. नावं ब्रेल पाटीवर लिहून चिकटवायची, तीही दोन-दोन अक्षरांची. पूर्ण नाव लिहिलंत तर 'छत्रपती संभाजीनगर' जालन्यावरून परभणीत येईल.

मग पैठणापासून धर्माबादपर्यंत गोदावरीवरून तिला बोट चालवू द्या. एक हात पैठणावर ठेवायचा आणि दुसरा फिरवायचा, म्हणजे सुटलेली जागा परत सापडते. तिचं बोट धरून ओढू नका. मला लहानपणी असं ओढत ओढत बरंच काही दाखवलं गेलं. त्यातली फक्त ओढाओढ लक्षात आहे.

आकृत्यांसाठी आणखी एक स्वस्त सोय आहे. रबराच्या सपाट तुकड्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवून बॉलपेननं दाबून रेघ ओढली, की रेघ उठते. त्रिकोण, वर्तुळ, कोन असं फळ्यावर जे काढाल ते तिच्या शेजारची मैत्रीण त्यावर काढू शकेल. फुगणारा कागदही मिळतो : त्यावर काळ्या शाईनं छापून तापवायच्या यंत्रातून काढला की काळा भाग तेवढा वर येतो. आणि दिल्लीच्या आयआयटीतून उभी राहिलेली 'रेज्ड लाइन्स फाउंडेशन' शालेय पुस्तकांतल्या आकृत्या उठावाच्या करून देते. मुख्याध्यापकांना त्यांच्याकडे पत्र लिहायला लावा.

आलेखाला मात्र मी दोरा वापरत नाही, आवाज वापरते. आलेखात बघायचा असतो चढउतार, आणि तो कानाला बोटाच्या कितीतरी आधी कळतो. प्रार्थनेची हार्मोनियम शाळेत असेलच. एका महिन्याला एक सूर, पाऊस जास्त तितका सूर वरचा. जून वाजवा, जुलै वर न्या, ऑगस्टमध्ये पावसानं ताण दिला की खाली उतरा, सप्टेंबरात पुन्हा चढा. मग दुष्काळाचं वर्ष वाजवून दाखवा. डोळस पोरंसुद्धा कान टवकारतील. सुरानं कल कळतो, नेमका आकडा कळत नाही. तो नंतर तोंडी सांगा. हे माझं खूळ नाही बरं का. डेस्मॉस हे फुकट मिळणारं आलेखाचं साधन रेषा अशीच वाजवून दाखवतं, आणि आयफोनमध्ये २०२१ पासून आलेख ऐकायची सोय आहे, तीही याच तत्त्वावर.

प्रश्न : मॅडम, मी नांदेडला संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही चौघं मिळून फोटोचा आवाज करणारं ॲप बनवायलोत, म्हणजे अंध व्यक्तीला फोटो कानानं 'दिसेल'. हे खरंच जमतं का?
– एक विद्यार्थी

उत्तर : लेकरा, अर्धं जमतं. कुठलं अर्धं ते आधी समजून घे.

१९९२ मध्ये पीटर मायर या डच अभियंत्यानं एक पद्धत मांडली. पुढं ती 'द व्हॉइस' या नावानं ओळखली जाऊ लागली आणि आज अँड्रॉइडवर फुकट मिळते. चित्र डावीकडून उजवीकडे एका सेकंदात झाडून घेतलं जातं. वरचं असेल ते वरच्या पट्टीत, खालचं खर्जात. उजळ मोठ्यानं, अंधारं हळू. चढत्या रेघेचा सूर चढत जातो. अंधाऱ्या भिंतीतली खिडकी मध्येच एकदा वाजून जाते. साधे आकार यात खरोखर कळतात, आणि नेटानं सराव करणाऱ्यांना बरंच काही कळायला लागतं. पण लग्नाच्या पंगतीचा फोटो त्यात घाल. नुसता कल्ला ऐकू येतो. त्यात नवरी कुठली आणि बासुंदीचं पातेलं कुठलं हे सांगणारा कान मला अजून भेटायचाय.

त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, पॉल बाख-इ-रिता यांनी अमेरिकेत एका खुर्चीच्या पाठीत ४०० थरथरणारी टोकं बसवली होती. कॅमेऱ्यातलं चित्र बसणाऱ्याच्या पाठीवर उठायचं. त्यातून निघालेली गोष्ट तुझ्या कामाची आहे : कॅमेरा दुसऱ्यानं हलवला तर बसणाऱ्याला पाठीवर नुसत्या गुदगुल्या व्हायच्या, आणि स्वतः हलवला की वस्तू समोर असल्याची जाणीव व्हायची. तेव्हा तुमच्या ॲपमध्ये फोटो आपोआप वाजत जाणार असेल तर तो भाग काढून टाका. माणूस बोट फिरवेल तिथलंच वाजू दे.

याची चव घ्यायची असेल तर आजच संगणकावर एनव्हीडीए टाक. फुकट आहे, मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणानं २००६ मध्ये सुरू केलं. त्याच्या माउसच्या सेटिंगमध्ये एक सोय आहे : माउस हलवला की पडद्यावरची जागा आवाजात कळते. वर गेलं की सूर वर, डावीकडे गेलं की आवाज डाव्या कानात. तिथंच आणखी एका चौकटीवर खूण केली की उजेडाप्रमाणं आवाज लहानमोठा होतो. माझी पोरं पडद्यावर मोठा काळा गोल उघडतात आणि माउसनं त्याची कड शोधत बसतात. खेळ म्हणून उत्तम आहे.

मला सगळ्यात पटलेलं काम कॅनडातलं आहे, माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातलं. प्रकल्पाचं नावच 'इमेज'. ब्राउझरला एक जोड लावायची. फोटोत काय काय आहे ते यंत्र ओळखतं आणि प्रत्येक वस्तूचं नाव ती जिथं असेल त्या बाजूनं कानात बोलतं. झाड डावीकडे असेल तर 'झाड' डावीकडून ऐकू येतं. हाताला जोर लावणारं एक छोटं उपकरण जोडलं तर हात वस्तूच्या कडेकडेनं नेला जातो. नुसत्या सुरावर सगळा भार टाकलेला नाही, नुसत्या वर्णनावरही नाही, हे मला आवडतं. ते उपकरण आपल्याकडच्या दुकानात मागायला गेलास तर दुकानदार प्रिंटर दाखवेल, हा भाग वेगळा.

तुम्ही चौघांनी जगातले सगळे फोटो वाजवायला जाऊ नका. एक अरुंद काम धरा. समजा, जिल्हावार पावसाचा नकाशा. फोनवर बोट नांदेडवर आलं की जिल्ह्याचं नाव बोलावं, पाऊस जास्त तितका सूर वरचा, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडताना फोन थरथरावा. फोनची काच सपाट असते, थरथर फक्त 'इथं काहीतरी आहे' एवढंच सांगते. म्हणून हद्दी जाड ठेवा, नाहीतर बोट त्यांच्यावरून निसटून जाईल. सूर टॉकबॅकच्या बोलण्यावर चढवू नका, आमचा कान त्याच्यासाठी आधीच राखीव असतो.

आणि चाचणी मित्राच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेऊ नका. पट्टी बांधलेला माणूस अंध नसतो, घाबरलेला डोळस असतो. नांदेडमध्ये संगणक वापरणारे अंध विद्यार्थी शोधा, कोड लिहायच्या आधी त्यांच्यासोबत बसा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

प्रश्न : ताई, माझी धाकटी जाऊ जन्मापासून अंध आहे. घरच्या ग्रुपवर लग्नाचे, बारशाचे फोटो पडतात. सगळे 'छान', 'मस्त' लिहितात, ती गप्प असते. वर्णन करून सांगावं वाटतं, पण रंगबिंग सांगितले तर तिला वाईट वाटेल का?
– गृहिणी, अंबाजोगाई

उत्तर : वाईट वाटतं ते न सांगितल्याचं. रंग मी कधी पाहिले नाहीत, तरी त्यांच्याशी माझं रोजचं देणंघेणं आहे. हळदीला पिवळं नेसायचं, नवरात्रात आज कुठला रंग ते ऑफिसला निघायच्या आधी विचारायचं, कुणाच्या ओटीत कुठलं खण घातलं ते ध्यानात ठेवायचं. नवरीची पैठणी मोरपंखी होती हे जावेला माहीत नसेल तर लग्नानंतर महिनाभर चालणाऱ्या गप्पांत ती बोलणार काय? रंग बिनधास्त सांगा. पदर हाताशी असेल तर तोही हातात द्या, बुट्ट्या तिच्या तिला कळतील.

फोटो एआयला दिला तर ते सांगेल, साडी नेसलेल्या चार स्त्रिया आणि फेटा बांधलेला एक पुरुष हसत उभे आहेत. ते खोटं नसतं, पण त्या चौघी कोण हे त्याला ठाऊक नसतं. तुम्ही सांगाल की मामंजी मध्ये आहेत, मोठ्या वन्सं त्यांच्यापासून हातभर लांब उभ्या राहिल्यात, आणि आत्याबाई सोडून सगळे हसलेत. घरच्या फोटोत बघण्यासारखं असतं ते एवढंच. टाइप करायचा कंटाळा असेल तर त्याच फोटोला उत्तर म्हणून आवाजी निरोप टाका. ग्रुपवर नको वाटलं तर तिला एकटीला. आत्याबाईंचा भाग तर एकटीलाच.

एक काळजी घ्या. ॲपला दिलेला फोटो कंपनीच्या संगणकावर जातो. बारशातल्या लेकराचा, आजारी माणसाचा फोटो द्यायच्या आधी ज्याचा आहे त्याला विचारावं.

प्रश्न : मी एका महाविद्यालयाचं संकेतस्थळ आणि फेसबुक पान सांभाळतो. फोटोसोबत 'पर्यायी मजकूर' लिहायची जागा असते. तिथं नेमकं काय लिहायचं? सध्या अजिंठ्याच्या सहलीचे फोटो टाकायचे आहेत.
– लिपिक, जालना

उत्तर : दादा, ती जागा स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे टॉकबॅक-एनव्हीडीएसारख्या वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी असते. फोटो कशासाठी टाकताय हे आधी स्वतःला विचारा, म्हणजे वाक्य आपोआप सुचेल.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा फोटो आहे समजा. सहलीच्या बातमीत तो असेल तर लिहा : "पद्मपाणीच्या भित्तिचित्रासमोर उभे बी. ए. दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी. मार्गदर्शक चित्राकडे हात करून सांगत आहेत." कलेच्या टिपणात असेल तर विद्यार्थ्यांना बाजूला सारा : "पद्मपाणी बोधिसत्त्व. उजव्या हातात निळं कमळ, डोक्यावर उंच मुकुट, देह त्रिभंगात कललेला, नजर खाली झुकलेली." आणि संवर्धनावरच्या लेखात असेल तर भिंतीचा गिलावा आणि रंग कुठं कुठं निघून गेलाय ते आधी. फोटो तोच, वाक्यं तीन. यातलं कुठलं हवं ते फोटो टाकणाऱ्यालाच माहीत असतं, म्हणून ते काम दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

सुरुवातीला 'हा फोटो आहे' लिहू नका, ते स्क्रीन रीडर सांगतोच. एक-दोन वाक्यांत संपवा. 'सुंदर', 'नयनरम्य' नको. कमळ निळं आहे ते सांगा, सुंदर आहे की नाही ते आमचं आम्ही ठरवू.

फोटोंपेक्षा मोठा ताप मात्र तुमच्या सूचनांचा असणार, न बघता सांगते. परीक्षेचं वेळापत्रक छापायचं, सही-शिक्का मारायचा, मोबाइलनं फोटो काढून पीडीएफ करायची. ती आमच्यासाठी कोरा कागद असते. मूळ मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठीच दिसणाऱ्या अक्षरांत टाका. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवलात तर स्क्रीन रीडर जे बोलतो ते भूत लागल्यासारखं असतं.

प्राचार्यांनी 'हे कुठं लिहिलंय' असं विचारलं तर सांगा : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम ४२. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

प्रश्न : आता एआय फोटोतलं सगळं सांगतं. मग लोकांना वर्णनं लिहायला लावायचा आग्रह कशाला?
– निवृत्त अभियंता, बीड

उत्तर : साहेब, एआय मी रोज वापरते. फेसबुकनं २०१६ मध्ये 'चित्रात बहुधा झाड, दोन माणसं' असं सांगायला सुरुवात केली तेव्हाही आम्हाला केवढं अप्रूप वाटलं होतं. मग २०१७ मध्ये कॅमेऱ्यासमोरचं बोलून सांगणारं 'सीइंग एआय' हे ॲप आलं, २०२३ मध्ये अंधांना डोळस स्वयंसेवकांशी जोडणाऱ्या 'बी माय आईज' या ॲपला एआय जोडलं गेलं, आता फोनमध्येच सोय आहे. भाजीत आळी आहे का इथपासून दुधाच्या पिशवीवरच्या तारखेपर्यंत मी त्याला विचारते. पण त्याला कळलं नाही तर ते गप्प बसत नाही, तेवढ्याच ठामपणे काहीतरी सांगतं. ते चुकलंय हे मला कळायचं कसं? गोळ्यांच्या पाकिटाच्या बाबतीत मी अजूनही शेजारच्या वहिनींना हाक मारते. आणि तुम्ही मला धरणाचा फोटो पाठवलात, तर पाणी आणि भिंत दिसतेय असं ते सांगेल. यंदा दरवाजे उघडले म्हणून पाठवलाय की सहलीला गेला होता म्हणून, ते तुम्ही लिहिल्याशिवाय कसं कळणार?

प्रश्न : मी रोज सकाळी सगळ्यांना सुप्रभातची फुलं पाठवतो. माझ्या ओळखीत दोन अंध मित्र आहेत. त्या फुलांचंही वर्णन करायचं का?
– ज्येष्ठ नागरिक, वसमत

उत्तर : नको काका. संकेतस्थळांच्या नियमांतसुद्धा नुसत्या शोभेच्या चित्राला पर्यायी मजकूर रिकामा ठेवायची मुभा आहे, म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढं जातो. व्हॉट्सॲपवर तसं ओलांडता येत नाही. तुमचं एक फूल आणि इतरांची बारा मिळून 'फोटो, फोटो, फोटो' ऐकत आम्हाला कामाच्या निरोपापर्यंत जावं लागतं. त्या दोघांना फुलांऐवजी तुमच्या आवाजात "काय रे, चहा झाला का?" एवढं पाठवा. आणि वसमतची हळद यंदा काय भावानं गेली, तेही त्यातच सांगा.